दहावीचे वर्ष आणि कबड्डीचे मैदान

"डॉक्टरसाहेब, हिला एक सलाईन लावा, ताकदीचं इंजेक्शन द्या, आणि कबड्डी बंद कर म्हणून सांगा. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

गेल्या पावसाळ्यात एक ऊस उत्पादक शेतकरी आपल्या दहावीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले होते. मुलगी शाळेच्या कबड्डी संघात चढाई करणारी. तालुक्याच्या स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेल्या. दोन दिवसांपूर्वी सरावात तिला चक्कर आली आणि ती मैदानावरच खाली बसली. त्याच आठवड्यात चाचणीचे गुण कळले. नववीपर्यंत गणितात पुढे असणारी मुलगी एकदम मागे पडली होती. वडिलांनी दोन्ही गोष्टींची बेरीज केली आणि कबड्डीला दोषी ठरवले.

जून-जुलै सुरू झाला की असे पालक दरवर्षी येतात. कधी मुलगी कबड्डीची, कधी खो-खोची, कधी तालमीत जाणारा बारावी विज्ञानचा मुलगा. प्रश्न एकच, खेळ की अभ्यास? आपल्याकडे शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. मग जिल्हा, विभाग आणि राज्य. हे सारे पावसाळा ते हिवाळा या काळात चालते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असते. म्हणजे मैदानावरचा आणि पुस्तकातला ताण एकाच वर्षात एकावर एक येतो. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

माझी एक चूक

आधी माझीच एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी असाच एक दहावीचा मुलगा माझ्याकडे आला होता. खो-खो खेळायचा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाचा उंचवटा असतो तिथे दुखत होते. वाढत्या वयात उड्या मारणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलांना हा त्रास बऱ्याचदा होतो. हाड वाढत असते आणि मांडीचे स्नायू त्याच जागी ओढ देत असतात. काही आठवडे उड्या कमी करणे, बर्फाने शेकणे आणि मांडीच्या स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम यांनी बहुतेकांचे भागते.

पण वडील म्हणाले, "दहावी आहे, बंदच करा." आणि मीही मान डोलावली. "परीक्षा होईपर्यंत मैदानावर पाऊल ठेवायचं नाही," असे मी त्या मुलाला सांगितले. मुलगा आज्ञाधारक होता. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा गुडघा बरा होता, पण वजन वाढले होते, रात्री झोप लागत नव्हती, डोके दुखत होते आणि अभ्यासाला बसले की मन लागत नव्हते. संध्याकाळचे जे दोन तास वाचले होते, ते अभ्यासाला मिळालेच नव्हते. निकाल लागला तेव्हा गुण नववीपेक्षा वाढलेले नव्हते. बंद करायला सांगणे सोपे होते, म्हणून मी ते सांगितले. त्या मुलाचा दिवस कसा जातो, हे मी विचारलेच नव्हते.

म्हणून या मुलीला तपासण्याआधी एक कोरा कागद घेतला आणि म्हटले, "बाळ, कालचा दिवस सांग. उठल्यापासून झोपेपर्यंत."

चोवीस तासांचा हिशेब

पहाटे साडेचारला उठणे. गावाहून गाडी पकडून साडेसहाला श्रीगोंद्यात खासगी क्लास. साडेआठला क्लास सुटतो. शाळा साडेदहाला. मधले दोन तास मैत्रिणींबरोबर स्टँडजवळ नाहीतर शाळेच्या पायरीवर. साडेदहा ते पाच शाळा. सव्वापाच ते सात मैदान. पावणेआठला घरी. मग पाणी भरणे, गाईचे पाहणे, भांडी. नऊला जेवण. साडेनऊ ते बारा अभ्यास.

बारा ते साडेचार. म्हणजे झोप साडेचार तास.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तासांची झोप लागते. हे लाड नव्हेत, ही शरीराची गरज आहे. या वयात उंची आणि स्नायू वाढतात, त्यासाठी लागणारा वाढीचा अंतःस्राव मुख्यतः गाढ झोपेत स्रवतो. सरावात दमलेल्या स्नायूंची डागडुजीही झोपेतच होते. अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले तर दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे कामही झोपेतच होते. रात्री बारापर्यंत वाचून साडेचारला उठणारा विद्यार्थी पेरणी करतो, पण उगवण होऊ देत नाही. क्लासमध्ये डुलक्या येतात, गणितात चिन्हांच्या चुका होतात, मैदानावर पाय वेळेवर उचलला जात नाही आणि दुखापत होते. गुण आणि खेळ दोन्ही एकाच कारणाने घसरतात, पण घरच्यांना वाटते की एकाने दुसऱ्याला खाल्ले.

त्याच कागदाच्या मागे मी तिचे खाणे लिहिले. पहाटे चहा आणि दोन टोस्ट. दुपारी दीडला डबा, त्यात दोन चपात्या आणि भाजी. त्यानंतर थेट रात्री नऊला जेवण. साडेसात तास पोटात पाण्याशिवाय काही नाही आणि त्यातच पावणेदोन तास कबड्डी! शिवाय एक गोष्ट तिने हळू आवाजात सांगितली. कबड्डीत वयोगटाप्रमाणे वजनाची मर्यादा असते. आपण मर्यादेच्या जवळ आहोत, म्हणून ती गेल्या महिन्यापासून रात्री अर्धेच जेवत होती. घरी कोणालाही हे माहीत नव्हते.

तपासणीत काय निघाले?

डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट, जीभ फिकट, नाडी जलद. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, हे आईने सांगितले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९ निघाले. या वयाच्या मुलीचे ते किमान १२ असावे.

हा रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया. आपल्या देशात तो किती पसरला आहे, पाहा. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. मुलांमध्येही हे प्रमाण १०० मध्ये ३१ होते. म्हणजे कोणत्याही शाळेच्या मुलींच्या संघाला मैदानात उतरताना पाहिले, तर त्यांतल्या निम्म्यांहून अधिक मुली अशक्त रक्तानिशी धावत असण्याची शक्यता आहे.

हिमोग्लोबिन हे रक्तातले प्राणवायूचे वाहन. वाहने कमी असली की स्नायूंना आणि मेंदूला प्राणवायू कमी पोहोचतो. मग धाप लागते, छाती धडधडते, चक्कर येते, पाय जड होतात आणि धडा वाचताना एकच ओळ तीनदा वाचावी लागते. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, क्रीडाशिक्षक म्हणतात दम नाही, घरचे म्हणतात आळशी झाली. खरे तर तिघे एकाच आजाराची लक्षणे सांगत असतात.

सलाईनने ताकद येते का?

वडिलांनी पुन्हा सलाईनची आठवण केली. हा गैरसमज एकदा दूर झालेला बरा. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून जेमतेम १०० उष्मांक मिळतात. घरच्या एका भाकरीत याहून अधिक शक्ती असते. मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी गेले असेल किंवा तोंडाने घेता येत नसेल, तेव्हा सलाईन जीव वाचवते. पण भूक, जागरण आणि रक्तक्षय यांच्यावर तो उपाय नाही. पालकांना मी सांगितले, "बाटलीचे पैसे शेंगदाण्यांना आणि अंड्यांना खर्च करा."

उपाय काय केला?

मुलीला जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची आणि तिच्या मागेपुढे तासभर चहा घ्यायचा नाही. चहामुळे लोह रक्तात नीट शोषले जात नाही, तर लिंबू, आवळा, पेरू यांतल्या 'क' जीवनसत्त्वामुळे ते चांगले शोषले जाते. गोळीने शौचाला काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शाळेतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. त्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते. अनेक मुली ती दप्तरात ठेवतात किंवा फेकून देतात. कृपया तसे करू नका. मात्र ज्यांचे रक्त आधीच कमी झाले आहे, त्यांना आठवड्याची एक गोळी पुरत नाही. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे उपचार लागतात आणि रक्त भरून आल्यावरही साठा होण्यासाठी गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात.

चक्कर थांबेपर्यंत आणि रक्त वाढू लागेपर्यंत चढाईचा दमछाक करणारा सराव बंद ठेवला. पण "मैदानावर जायचे नाही" असे या वेळी सांगितले नाही. हलके चालणे, अंग मोकळे करणे आणि संघाबरोबर बसून खेळ पाहणे चालू ठेवले. त्या वर्षीच्या तालुका स्पर्धेत पहिल्या सामन्याला ती राखीव खेळाडू म्हणून बसली. त्या दिवशी ती फार रडली, असे आईने सांगितले.

त्यानंतर कागदावरचा दिवस पुन्हा मांडला. त्यासाठी आईवडील, क्रीडाशिक्षक आणि वर्गशिक्षिका यांनी एकत्र बसणे आवश्यक होते. ते बसले, हे त्या सर्वांचे मोठेपण. ठरले ते असे:

खासगी क्लास सहा दिवसांऐवजी तीन दिवस, फक्त गणितासाठी. विज्ञानाच्या शंका शाळेतच विचारायच्या. क्लास आणि शाळा यांमधल्या दोन तासांत मुख्याध्यापकांनी एक वर्ग उघडून दिला. मोकळ्या डोक्याने दीड तास अभ्यास तिथेच होऊ लागला. रात्रीचे जागरण आपोआप संपले. मैदान आठवड्यातून सहाऐवजी चार दिवस. गुरुवार आणि रविवार पूर्ण विश्रांती. दिवे दहाला बंद. क्लासच्या दिवशी सात तास, इतर दिवशी साडेआठ तास झोप. सात तास अजून कमीच आहेत, पण साडेचारवरून ते खूप पुढे आहेत.

आणि एक गोष्ट मी वडिलांना स्पष्ट विचारली. "तिचा भाऊसुद्धा खेळतो ना? तो खेळून आला की काय करतो?" वडील थोडे थांबले आणि म्हणाले, "हातपाय धुऊन जेवायला बसतो." पाणी आणि गाय भावाकडे गेली. आपल्याकडे खेळणाऱ्या मुलींच्या थकव्याचे कारण मैदानापेक्षा पुष्कळदा घरातच असते. मुलगा आणि मुलगी एकाच संध्याकाळी एकाच मैदानावरून परत येतात. पण एकाचा दिवस तिथे संपतो आणि दुसरीचा आणखी दीड तास चालू राहतो.

डबा दोन असावेत

खेळणाऱ्या विद्यार्थ्याचा डबा एक नसावा, दोन असावेत. दुसरा छोटा डबा शाळा सुटल्यावर, मैदानावर उतरण्याआधी अर्धा-पाऊण तास खायचा. त्यासाठी दुकानातली महागडी प्रोटीन पावडर नको. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, फुटाणे, केळी, किंवा भाकरी-चटणीचा छोटा रोल चालेल. घरी आल्यावर तासाभरात जेवण. त्यात बाजरीची भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, दूध किंवा दही. जे खातात त्यांनी अंडी घ्यावीत. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ४६ ग्रॅम आणि मुलाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे हे घरच्या अन्नातून सहज जमते.

वजनाच्या गटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी न पिणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हे धोक्याचे आहे. वाढत्या वयात वजन वाढणारच. वजन मर्यादेबाहेर गेले तर पुढच्या गटात खेळावे. कमी खाऊन जास्त खेळणाऱ्या मुलींची पाळी बंद होते आणि हाडे ठिसूळ होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर "खेळामुळे होते" असे म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

उन्हाच्या दिवसांत सरावाच्या आधी, मध्ये आणि नंतर पाणी प्यावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे. चमचा चहाचा.

मोठ्या खेळाडूंचे काय?

पालक आणि मुले दोघेही मोठ्या खेळाडूंची उदाहरणे देतात. आपल्याच जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून क्रिकेटकडे वळला आणि भारताचा आघाडीचा वेगवान गोलंदाज झाला, हे खरे आहे. पण असे धाडस साधते ते मोजक्यांना. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जात असे. त्याने बारावी पूर्ण केली, मग सैन्यात दाखल झाला. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. शाळकरी मुलाचा खेळ वाढवायचा तर त्याच्या भोवती व्यवस्था उभी करावी लागते, म्हणून तर शासनाने अशा प्रबोधिन्या काढल्या. आपल्या शाळेत प्रबोधिनी नाही, पण दोन डबे आणि एक उघडा वर्ग एवढी व्यवस्था कोणत्याही गावात होऊ शकते.

व्यवहाराचेही सांगतो. राज्यात दहावी-बारावीच्या पात्र खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात आणि शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, आणि नोकरीला त्या पदाची शैक्षणिक अर्हता लागतेच. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. म्हणून अभ्यास सोडून खेळणे आणि खेळ सोडून अभ्यास करणे, दोन्हीत तोटाच आहे.

खेळ केव्हा थांबवायचा?

काही वेळा मात्र खेळ त्वरित थांबवून डॉक्टरांना दाखवायलाच हवे. धावताना छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल तर अशा मुलाच्या हृदयाची तपासणी हवीच. डोक्याला मार लागून उलटी, गोंधळ किंवा तीव्र डोकेदुखी. असा खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, मग सामना अंतिम का असेना. उन्हात सराव करताना असंबद्ध बोलणे किंवा भोवळ. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. गुडघा किंवा घोटा दोन आठवड्यांहून अधिक दुखणे. दुखणे दाबण्यासाठी सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन खेळणे अगदी वर्ज्य.

पालकांनी लक्षात ठेवावे

१. खेळ बंद करण्याआधी आठवडाभर मुलाची झोप आणि खाणे वहीत लिहा.
२. आठ तास झोप होत नसेल तर आधी क्लास, मोबाईल आणि घरकाम यांतून वेळ काढा.
३. मुलाचे वय जितक्या वर्षांचे, आठवड्याला सराव तितक्या तासांपेक्षा जास्त नसावा. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती.
४. हंगामाच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ही सोय असते.
५. बोर्डाच्या परीक्षेआधी शेवटचे काही आठवडे स्पर्धेचा सराव थांबवा, पण रोज अर्धा-पाऊण तास धावणे, दोरीवरच्या उड्या किंवा चालणे चालू ठेवा.
६. सामना हरला किंवा गुण कमी पडले, त्या रात्री हिशेब विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या. सकाळी बोला.

तीन महिन्यांनी त्या मुलीचे हिमोग्लोबिन ११.६ झाले. शाळेचा संघ तालुक्यातच हरला होता, त्यामुळे पदकाची गोष्ट माझ्याकडे नाही. सहामाहीत गणिताचे गुण नववीच्या पातळीवर परत आले, त्याहून पुढे गेले नाहीत. पण ती दवाखान्यात आली तेव्हा वडील बाहेर बाकावर बसले आणि ती एकटी आत आली. म्हणाली, "डॉक्टर, आता धडा एकदाच वाचावा लागतो." आणि जाता जाता विचारले, "आता चढाई करू ना?"

मी तिला हो म्हणालो. आठवड्यातून चार दिवस.